प्रभारी महाबली

पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठी सायंकाळी जो मध्यमवयीन, नीटनेटका, बुशशर्टाच्या खिशाला दोन पेने लावलेला गृहस्थ एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात त्याला वायरीने जखडलेली पॉवर बँक घेऊन तासभर उभा असतो, तो कोणाची तरी वाट पाहत असावा असा फिरायला येणाऱ्या पेन्शनरांचा समज आहे. वस्तुतः तो घनघोर युद्धात गुंतलेला असतो, आणि भोवतालची कॉलेजची पोरे "काका, मेगा काढा ना, त्याशिवाय बॉस पडायचा नाही," अशी त्याची मनधरणी करीत असतात.

हा गृहस्थ सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहे. कोणत्या खात्यात, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ही जात खात्यागणिक बदलत नाही. 2016 हे साल तो युगप्रवर्तक मानतो, कारण त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरला पनवेलची महानगरपालिका झाली आणि डिसेंबरात रिलायन्स जिओचे बोट धरून 'पोकेमॉन गो' हा खेळ हिंदुस्थानात रीतसर दाखल झाला. या दोन घटनांचा परस्परसंबंध इतर कोणाच्या लक्षात आला नसला, तरी त्याने त्यातून एक संपूर्ण सिद्धान्त उभारला आहे. 1852 सालची नगरपालिका महानगरपालिका झाली ही उत्क्रांती. तिचे आता मागे फिरणे नाही, आणि घरपट्टीचेही नाही. खेळातला मेगा ही गोष्ट निराळी. तीत प्राण्याला शिंगे फुटतात, बळ वाढते, प्रसंगी जातकुळीही पालटते, आणि मुदत संपताच तो मुकाट्याने मूळ हुद्द्यावर रुजू होतो.

या विद्येची बखर त्याला मुखोद्गत आहे. 2013 साली पोकेमॉनच्या 'एक्स' आणि 'वाय' या खेळांत मेगा प्रथम अवतरला, तेव्हा एका लढाईत एकाच प्राण्याला, आणि लढाई संपेपर्यंतच, हा अधिकार मिळे. पुढे 2019 मध्ये 'स्वोर्ड' आणि 'शील्ड' यांत डायनामॅक्स आला. प्राणी डोंगराएवढा होई, परंतु अवघ्या तीन पाळ्यांपुरता. डायनामॅक्सचे नाव काढले की तो तुच्छतेने हसतो. "तीन पाळ्यांत कुठली फाईल हलते?"

त्याचा स्वतःचा जीव ग्यारडॉसवर. हा प्राणी मूळचा मॅजिकार्प, म्हणजे जन्मभर नुसती फडफड करणारा मासा. चारशे कँड्या त्याच्यावर खर्ची घालाव्या तेव्हा कुठे तो अक्राळविक्राळ होतो. त्याला मेगा चढला की 'गो'च्या कायद्याने तो आठ तास टिकतो. आमचा अव्वल कारकून सकाळी पावणेदहाला हजेरीबरोबरच तो चढवतो, आणि पावणेसहाला तो उतरतो. सव्वासहाला कचेरी सुटेपर्यंतचा मधला अर्धा तास दोघेही फार सौम्य असतात.

परंतु खरा सोहळा पाहायचा तर साहेब अर्जित रजेवर जावे लागतात. प्रभारी कार्यभाराचा आदेश हाती पडताच गृहस्थाची मान प्रथम ताठ होते, मग चष्मा कपाळावर चढतो, मग आवाज खर्जात उतरतो. पाठीला टॉवेल टाकलेल्या त्या खुर्चीत तो आधी कडेवर टेकतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपूर्ण मावलेला असतो. काल ज्या कागदावर त्याने "आदेशार्थ सादर" असे लिहिले, त्याच कागदावर आज स्वहस्ते "चर्चा करावी" असा शेरा मारून तो कागद स्वतःकडेच परत पाठवतो. सही लांबरुंद होते. तिच्याखाली 'प्रभारी' हा शब्द मात्र असा बारीक पडतो की तो वाचायला भिंग लागावे.

यात स्वार्थ असतो असे मात्र नव्हे. मेगा चढलेला प्राणी मैदानात असला की साऱ्याच सोबत्यांचे बळ वाढते, सजातीयांचे अधिकच, आणि सजातीय जीव पकडला तर एखादी कँडी जास्त पदरात पडते. या न्यायाने त्या पंधरवड्यात समस्त कारकूनवर्गाच्या तुंबलेल्या रजा मंजूर होतात, प्रवासभत्त्याची बिले निघतात, आणि चहा दोनदा येतो. शिपाई भिन्न संवर्गातला. तरी त्याच्यापर्यंतही थोडेफार पोहोचतेच. मला विचाराल तर कायमच्या साहेबांपेक्षा हा पंधरा दिवसांचा साहेब परवडला. कायमच्या माणसाला सवड असते. याला मुदत असते.

परवा साहेब दोन दिवस आधीच हजर झाले. कार्यभार हस्तांतरणाच्या कागदावर सही करून गृहस्थ सरळ तलावावर आला. ग्यारडॉस त्या वेळी विसाव्यात होता. पोरे हळहळली.

"त्यात काय!" तो म्हणाला. "जितक्या वेळा चढवावा, तितका त्याचा विसावा कमी होतो. आधी सात दिवस लागायचे, आता तीन. फुकट चढतो."

"आणि ऑफिसात, काका?"

काकांनी पेनांशेजारची चिठ्ठी काढून चष्म्याजवळ नेली.

"साहेबांच्या किरकोळ रजा अजून पाच शिल्लक आहेत," ते म्हणाले, "आणि मेहुणीचं लग्न मार्गशीर्षात आहे."