झाडांचे अव्वल कारकून

मनुष्य सरकारी नोकरीतून मोकळा झाला म्हणजे त्याने एकतर भाऊबंदांवर दावा लावावा, नाहीतर संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर बसून इतरांनी लावलेल्या दाव्यांचे निकाल द्यावेत, असा आमच्या रत्नागिरीचा पूर्वापार शिरस्ता आहे. परंतु अलीकडे या दोहोंत न बसणारा एक तिसरा वर्ग उदयास आला असून, थिबा पॉइंटापासून भाट्याच्या सुरूबनापर्यंत जेथे जेथे सावली, सृष्टिसौंदर्य आणि चहाची टपरी यांचा संगम होतो, तेथे तेथे तो घडीची खुर्ची टाकून बसलेला दृष्टीस पडतो. हा वर्ग म्हणजे निसर्गचित्रकार पेन्शनर. त्याचा पूर्वीचा हुद्दा त्याच्या चित्रावरून ओळखता येतो, असा माझा अनुभव आहे. बँकेतून निवृत्त झालेल्याच्या चित्रात डाव्या आणि उजव्या बाजूच्या झाडांची बेरीज बरोबर जुळते, आणि शिक्षक असेल तर चित्राखाली मथळा आणि मथळ्याखाली पट्टीने ओढलेली रेघ असते.

या संप्रदायाचे खरे अध्वर्यू मात्र आमचे अण्णा. तलाठी म्हणून महसूल खात्यात शिरलेले, आणि 58 व्या वर्षी अव्वल कारकून म्हणून हारतुरे घेऊन बाहेर पडलेले. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी त्यांनी रंगपेटी, कुंचले आणि जाड कागदाची वही खरेदी केली, तिन्हींच्या पावत्या निरनिराळ्या फायलींत लावल्या, आणि एलिमेंटरीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलांच्या शिकवणीत, सातवीतल्या दोन मुलींच्या मधल्या बाकावर जाऊन बसले. मास्तरांनी मनाला येईल ते निसर्गचित्र काढावयास सांगितले, तेव्हा अण्णांच्या मनाला जे आले तेच त्या मुलींच्याही मनाला आले होते: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा किरणांचा सूर्य, एक झोपडी आणि एक माड. ज्या गावात सूर्य रोज सर्वांच्या देखत समुद्रात बुडतो, त्या गावातील आबालवृद्धांनी तो दोन डोंगरांच्या बेचक्यातच का कोंबावा, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही. मास्तर नुसते म्हणाले, "अण्णा, उद्यापासून बाहेर बसू या. झाड समोर ठेवून."

बाहेर बसल्यावर पहिला प्रश्न उपस्थित झाला तो हिरव्या रंगाचा. कचेरीतील संकेताप्रमाणे हिरवी शाई ही राजपत्रित अधिकाऱ्यांची मिरास. अण्णांनी सारी हयात निळ्या शाईत टिपणे लिहिली आणि त्यांवर साहेबांच्या हिरव्या सह्या उमटताना पाहिल्या. त्यामुळे रंगपेटीतील हिरवी नळी त्यांच्या स्वाधीन झाली, त्या क्षणी इतक्या वर्षांचा अनुशेष त्यांनी एकाच आंब्यावर भरून काढला. मास्तरांनी परोपरीने विनविले की, नळीतला हिरवा झाडावर कोठेच नसतो. निळ्यात पिवळी माती मिसळावी, कोठे किंचित तांबूस घालावा. आंब्याची कोवळी पालवी तांब्याच्या रंगाची असते, सुरू राखाडीकडे झुकतो, आणि माडाची जुनी झावळी आधी पिवळी पडून मग तपकिरी होते. अण्णांनी हे सर्व ऐकून घेतले आणि म्हणाले, "मास्तर, झाड हिरवे असते ही सर्वमान्य वस्तुस्थिती आहे. तिला आव्हान द्यावयाचे तर लेखी द्या."

दुसरा पेच कोऱ्या जागेचा. जलरंगात पांढरा रंग लावीत नाहीत, कागद कोरा सोडतात आणि तोच प्रकाश होतो, हे पटविण्यासाठी मास्तरांनी सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे उदाहरण दिले. हळदणकर 1882 सालचे. दिवा हाती धरलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, आणि तिच्या बोटांतून फाकणारा दिव्याचा उजेड पाहण्यासाठी लोक तेथे मुद्दाम जातात. अण्णांना हळदणकरांविषयी आदर वाटला, परंतु कोरी जागा त्यांना मानवेना. रकाना कोरा सोडला तर मागाहून कोणीही त्यात काहीही भरील, ही भीती ज्याने वर्षानुवर्षे बाळगली, त्याला आकाश मोकळे सोडा म्हणणे हा छळच होय. अखेरीस मास्तरांच्या आग्रहाखातर त्यांनी ढगापुरता कागद सोडला. तथापि त्या ढगात पेन्सिलीने बारीक अक्षरांत 'निरंक' असे लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे.

खरा संग्राम मात्र झाडांच्या संख्येवरून झाला. अण्णांच्या नजरेस झाड दिसण्यापूर्वी त्याची नोंद दिसते. कोकणात जमीन एकाची, तीवरचा आंबा दुसऱ्याचा आणि फणसात चौघांचा हिस्सा, अशी स्थिती असल्यामुळे झाडाकडे पाहणे म्हणजे त्याचा मालक आठवणे, ही आम्हा सर्वांचीच खोड आहे. अण्णांनी तिला फक्त शास्त्राचे रूप दिले. हापूसची कलमे 10 मीटरांवर लावावीत अशी शिफारस असल्याने त्यांच्या चित्रात दूरची कलमेही जवळच्यांइतकीच अंतर राखून, एकाच उंचीची उभी राहतात, कारण लांब आहे एवढ्या कारणास्तव एखाद्याचे कलम लहान दाखविणे त्यांना पक्षपाताचे वाटते. एकदा मास्तर म्हणाले, "डोळे थोडे मिटून पाहा, आणि मधला हा आंबा काढून टाका. त्याच्यामुळे मागची खाडी झाकते." अण्णांनी कुंचला खाली ठेवला. 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत आंबा येतो, फणस येतो, खैर, ऐन, किंजळ येतात, आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ते काढता येत नाहीत, हे त्यांनी मास्तरांच्या निदर्शनास आणले. शेवटी तडजोड झाली. माड अनुसूचित नाही, सबब अण्णांनी खाडीकाठचे सर्व माड काढून टाकले. चित्रात पाहण्यासारखे तेवढेच होते.

थिबा पॉइंटावर त्यांना काम करताना पाहिले म्हणजे मला थिबा या ब्रह्मी राजाची आठवण होते. 1885 साली राज्य गेले, आणि इंग्रजांनी त्याला या अनोळखी किनाऱ्यावर आणून ठेवले. 1910 साली राजवाडा पुरा झाला, आणि 1916 साली, सहाच वर्षांत, तो येथेच वारला. राज्य गेलेल्या राजापुढे आणि कचेरी गेलेल्या कारकुनापुढे रत्नागिरीने भाट्याची तीच खाडी मांडून ठेवावी, यात मला या गावाचा काहीसा चावट स्वभाव दिसतो. अण्णांना विचारले तर ते एवढेच सांगतात की, राजाच्या नेमणुकीची रक्कम वेळेवर येत होती का, ते दप्तर पाहावे लागेल.

पावसाळ्याचे चार महिने कला बंद. 3000 मिलिमीटरांवर पाऊस पडणाऱ्या मुलखात जलरंग वाळण्याची वाट पाहणे व्यर्थच. वहीला बुरशी धरली, तेव्हा "अहो, एवढे एकच झाड अगदी खऱ्यासारखे आले आहे" असा शेरा वहिनींनी मारला.

आणि इतक्यात अण्णांच्या कलेला अनपेक्षित राजमान्यता मिळाली. त्यांनी आपल्या पाखाडीवरून काढलेल्या एका चित्रात दोन भाऊबंदांमधील गडग्यालगतचा फणस आला होता, आणि तो गडग्याच्या कोणत्या अंगास आहे, यावरच त्या दोघांत दिवाणी दावा चालू होता. एका पक्षाचा वकील चित्राची नक्कल मागावयास आला. हे चित्राचे पहिलेच गिऱ्हाईक. अण्णांनी नक्कल फी घेतली, रीतसर पावती दिली, आणि दोन्ही पक्षांना पूर्वसूचना देऊन, त्यांच्या समक्ष, फणसासमोर खुर्ची टाकून ती तयार केली. एकजण डावीकडून फांद्या मोजत होता, दुसरा उजवीकडून. नक्कल पुरी झाल्यावर तिच्याखाली 'खरी प्रत' असे लिहून अण्णांनी कुंचल्याने, हिरव्या रंगात सही केली.

हल्ली ते आपल्या चित्राला क्रमांक मिळाल्याचे सर्वांना सांगतात. कोणत्या प्रदर्शनात, असे विचारले तर कोर्टात, निशाणी म्हणून, हे उत्तर ते काहीशा अनिच्छेने देतात. विरुद्ध पक्षाच्या वकिलाने मात्र लेखी हरकत घेतली आहे की, चित्रातील वृक्ष मुळी फणस नसून वड आहे. त्यावर तज्ज्ञ साक्षीदार म्हणून मास्तरांच्या नावे समन्स निघाले, आणि मास्तर प्रकृतीच्या कारणास्तव, परत केव्हा येणार हे न सांगता, सावंतवाडीस बहिणीकडे गेले आहेत.