पीपीटीतून सुखरूप कसं सुटावं

नागापूरच्या एमआयडीसीत लेथ, प्रेस आणि कॉम्प्रेसर यांच्याइतकंच चालू राहणारं आणखी एक मशीन आहे, ते म्हणजे कॉन्फरन्स रूममधला प्रोजेक्टर. महिन्याचा रिव्ह्यू, गिऱ्हाईक कंपनीचं ऑडिट, क्वालिटी सर्कलची स्पर्धा, कायझेन, सुरक्षा सप्ताह, काहीही असलं तरी आधी ‘पीपीटी झाली का?’ हाच प्रश्न. ती कशी करावी हे शिकवणारे लोक सांगतात की एका स्लाइडवर एकच मुद्दा घ्या, अक्षर मोठं ठेवा, आकडे मोजके द्या, पडद्याकडे पाठ करून श्रोत्यांशी बोला. सल्ला खरा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. सादर करणाऱ्याला आपलं म्हणणं समोरच्यांना कळायला हवं असतं, असं या मंडळींनी धरूनच ठेवलेलं आहे. मागच्या महिन्यात ज्याचा एक अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला, त्या क्वालिटी इंजिनिअरला असलं काही नको असतं. त्याला चहाच्या आत खोलीबाहेर पडायचं असतं. तेव्हा या मार्गदर्शनापुरती प्रभावी पीपीटीची व्याख्या अशी: जी संपल्यावर कुणी काही विचारत नाही आणि दुसऱ्या दिवशी शॉपफ्लोअरवर काही बदलत नाही.

सुरुवात मजकुरापासून करू, कारण इथे शास्त्र पूर्णपणे आपल्या बाजूचं आहे. रिचर्ड मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अनेक प्रयोगांतून दाखवलं की चित्र बघत निवेदन ऐकणाऱ्याला विषय जास्त समजतो. तेच निवेदन अक्षरांतही पडद्यावर आणलं की समज घटते. डोळे वाचत पुढे धावतात, कान मागे राहतात, आणि दोघांचा मेळ घालण्यात डोकं दमतं. यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. सगळं वाक्य स्लाइडवर लिहावं आणि तेच सावकाश वाचून दाखवावं. स्लाइड इंग्रजीत आणि बोलणं मराठीत असेल तर उत्तमच, कारण मग ऐकणाऱ्याला भाषांतराचंही काम लागतं. पिंगुळीच्या चित्रकथींनी ही खबरदारी कधी घेतली नाही. एकामागून एक चित्र धरायचं आणि कथा गाऊन सांगायची, एवढ्यावर ते रात्र काढत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कल्याणच्या पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने हाताने रंगवलेल्या काचांचे खेळ केले, तेही याच चालीवर. लोक खिळून बसायचे ते त्यामुळेच. पण त्यांच्यापैकी कुणाला खेळ संपल्यावर पीपीएमचा आकडा समजावून द्यायचा नव्हता, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

आता आलेख. रिजेक्शन दोन टक्क्यांवरून एक पूर्णांक नऊवर आलं असेल, तर उभा अक्ष शून्यापासून सुरू करणं हा स्वतःशी केलेला द्रोह आहे. तो एक पूर्णांक आठपासून सुरू करावा. स्तंभ निम्म्यावर आलेला दिसतो आणि एकही आकडा खोटा नसतो. पॅरेटो काढताना दोषांचे इतके बारीक प्रकार पाडावेत की सर्वांत उंच स्तंभ ‘इतर’ या नावाचा निघेल. ‘इतर’वर कारवाई करा, असं आजवर कोणताही ऑडिटर म्हणालेला नाही. पण खरं कसब दिसतं ते व्हाय-व्हाय ॲनालिसिसमध्ये. जपानी कारखान्यांनी ही पद्धत घडवली ती मुळापर्यंत जायला, म्हणून पाच वेळा ‘का’ विचारायचं. समजा, भोकाला बर आली. का? ड्रिल बोथट झालं होतं. का? वेळेवर बदललं नाही. का? ऑपरेटरच्या लक्षात आलं नाही. इथे थांबायचं. चौथा ‘का’ विचारला तर स्टोअरमध्ये नवं ड्रिल नव्हतं हे बाहेर येतं, आणि पाचवा विचारला तर टूलिंगच्या खर्चाला कात्री लावून इंडेंट कुणी अडवून ठेवला हे. ती व्यक्ती टेबलाच्या टोकाला बसलेली असते आणि बिस्किट चहात बुडवत असते. इशिकावांच्या फिशबोनचंही तसंच: माणूस, मशीन, मटेरियल, मेथड असे चार काटे काढावेत, पण गोल करावा तो ‘माणूस’ या काट्याभोवती. माणूस कंत्राटी असतो, तिसऱ्या शिफ्टला असतो आणि या खोलीत कधीच नसतो. मग उपाय म्हणून ‘ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग दिले’ ही स्लाइड, खाली हजेरीपत्रकाचा फोटो. हा फोटो जपून ठेवावा, पुढच्या महिन्यात लागतो.

एवढ्या सगळ्याने खरंच काही साधतं का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी जगातला सगळ्यात मोठा पुरावा 2003 सालचा आहे, आणि तो सांगताना विडंबन जरा बाजूला ठेवावं लागेल. 16 जानेवारीला कोलंबिया यान उडालं तेव्हा इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांसमोर स्लाइड ठेवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. मुद्दे, उपमुद्दे आणि उपमुद्द्यांचे उपमुद्दे अशी उतरंड लावून अगदी तळाला लिहिलं होतं की फोमच्या तुकड्याचं आकारमान 1920 घनइंच आहे आणि ज्या चाचण्यांच्या आधारावर अंदाज बांधला त्यांतला तुकडा होता 3 घनइंच. म्हणजे सहाशे पटींहून मोठा. माहिती दिलेली होती, कुणी लपवली नव्हती. 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं आणि कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने ऑगस्टमधल्या अहवालात माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेलं त्या स्लाइडचं विश्लेषण छापलं, आणि तांत्रिक टिपणाऐवजी स्लाइडवर भागवण्याच्या सवयीवर बोट ठेवलं. आपल्याकडे गोष्टी एवढ्या मोठ्या नसतात, असं म्हणून सुटता येईल. पण सुरक्षा सप्ताहाच्या पीपीटीत ‘इतर निरीक्षणे’ या मथळ्याखाली, बूट आणि हेल्मेट यांच्या नंतर, पाचव्या ओळीत ‘प्रेसचे गार्ड काढून काम सुरू’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्या ओळीखाली कुणाची तरी बोटं असतात.

आता आक्षेप. पहिला आक्षेप बाहेर काम केलेल्यांचा असतो: ॲमेझॉनच्या वरिष्ठ बैठकांतून जेफ बेझोस यांनी 2004 मध्ये पीपीटी हद्दपार केली, तिथे सहा पानांचं सलग टिपण असतं आणि सगळे आधी गप्प बसून ते वाचतात, टोयोटात तर अख्खा प्रश्न एका ए-थ्री कागदावर मांडतात. दोन्ही खरं. पण सलग लिहायचं तर ‘म्हणून’, ‘कारण’ आणि ‘तरीही’ हे शब्द लिहावे लागतात, आणि ते लिहिले की कोणामुळे काय झालं हे सांगण्यापासून सुटका नसते. बुलेटला क्रियापद लागत नाही, कर्ता तर नाहीच. ‘विलंब – मटेरियल – फॉलोअप सुरू’ या ओळीत दोष कुणाचाच नाही. ज्याने ही सोय सोडावी असं वाटतं त्याने आधी अप्रेझलचा फॉर्म बदलून आणावा.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा, कारण तो नागापूरच्याच तालुक्यातून येतो. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकाराने आकडेच मांडले जातात. पाऊस मोजतात, गावात पाणी किती ते ग्रामसभेपुढे ठेवतात, आणि त्यावरून रब्बीला काय पेरायचं ते ठरतं. उसावर बंदी, शेतीसाठी बोअरवर बंदी, हे निर्णयही गावाने घेतले आणि पाळले. मग आकडे दाखवून माणसं हलत नाहीत, हे कसं म्हणता? म्हणता येतं, आणि कारण स्लाइडच्या रंगात नाही. तिथे आकडा सांगणारा, ऐकणारा आणि पेरणारा एकाच गावचा असतो. पाण्याचा हिशेब चुकला तर उन्हाळ्यात त्याचीच विहीर तळ दाखवते. आपल्या रिव्ह्यूमध्ये आकडा बनवतो एक, वाचून दाखवतो दुसरा, ऐकतो तिसरा, आणि चुकला तर त्रास होतो रात्रपाळीच्या माणसाला, ज्याला पडदा दिसत नाही. जोवर ही वाटणी अशी आहे, तोवर फाँट मोठा करून फरक पडणार नाही, आणि या मार्गदर्शनालाही मरण नाही. ही वाटणी मोडण्याचा धोका टाळायचा असेल तर एवढंच सांभाळा की ज्या ऑपरेटरच्या नावावर फिशबोन काढली, त्याला चुकूनही मीटिंगला बोलावू नका. तो चौथा ‘का’ आपणहून सांगून टाकतो.

राहिला प्रत्यक्ष सादरीकरणाचा भाग, तो सोपा आहे. वेळ जेवणाच्या सुट्टीला लागून मागून घ्यावी. लेझर पॉइंटर सतत फिरवत ठेवावा, म्हणजे नजर आकड्यावर ठरत नाही. प्रश्न आलाच तर ‘पुढे त्याची स्लाइड आहे’ म्हणावं, आणि पुढे कुणी आठवण करून दिली तर ‘ऑफलाइन बोलू’. शेवटच्या स्लाइडवर ‘थँक यू’ आणि हात जोडलेलं चित्र पुरे. बाकी कशात हयगय झाली तरी चालेल, पण मागच्या ऑडिटची फाइल कॉपी करताना कोपऱ्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा लोगो राहिलेला नाही ना, हे दोनदा तपासावं. चाळीस स्लाइडमधली तेवढी एक चूक मात्र सगळ्यांना पहिल्या फटक्यात दिसते.