कृपया मागे जाऊ नये

पोर्टलचं नूतनीकरण झालं. फीत कापली, कळ दाबली, पडद्यावर नवं बोधचिन्ह गरगर फिरत आलं. कुठलं पोर्टल ते विचारू नका. तुमच्या मनात जे आलं ते धरून चाला. पहिल्या पानाला नवा निळा रंग आहे, अर्ज भरून सुखी झालेलं एक हसरं कुटुंब आहे आणि त्या कुटुंबाच्या पायाशी, आता मराठीतही, ठळक लाल अक्षरांत लिहिलंय: 'व्यवहार सुरू असताना कृपया बॅक किंवा रिफ्रेश बटण दाबू नये.'

सूचना इंग्रजीत होती तोवर आम्ही ती मुकाट पाळत होतो. इंग्रजीत आहे म्हणजे काहीतरी शास्त्र असेल, असं वाटायचं. मराठीत आल्यावर लक्षात आलं की हे शास्त्र वगैरे काही नाही. सोसायटीच्या जिन्याची तिसरी पायरी तुटावी, गवंडी बोलवायच्या ऐवजी 'तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नये, हुकमावरून' अशी पाटी लावावी आणि दर दिवाळीला पाटीला रंग द्यावा, तसा हा प्रकार आहे. पायरी कुणाच्या डोक्यातसुद्धा नाही. पाटी मात्र यंदा फार सुरेख झालीय.

बॅकचं बटण काल-परवा कुणी गुपचूप बसवून गेलेलं नाही. १९९३ च्या मोझॅक ब्राउझरलाही ते होतं. आणि रिफ्रेश दाबलं तरी पैसे दुसऱ्यांदा कापले जाऊ नयेत, याचा उपाय काय आहे? पैसे घेतल्यावर सर्व्हरने ब्राउझरला तिथेच पावती दाखवायची नाही, 'पावती त्या दुसऱ्या पत्त्यावर आहे, तिकडे जा' एवढंच सांगायचं. मग माणूस दिवसभर रिफ्रेश दाबत बसेना का, त्याला पावतीच दिसत राहील. शिवाय प्रत्येक अर्जाला एक क्रमांक चिकटवायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरा अर्ज केराच्या टोपलीत. त्या 'तिकडे जा'साठी ३०३ नावाचा संकेत एचटीटीपी १.१ च्या नियमांत १९९७ सालीच लिहून ठेवला आहे. हे पोर्टल ज्या चौकटीवर (फ्रेमवर्कवर) उभं आहे, ती एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्स, बाजारात आली २००२ साली. म्हणजे उपाय चुकीपेक्षा पाच वर्षांनी मोठा आहे.

वेब फॉर्म्सला उगीच शिव्या देऊ नयेत. त्या काळी ती मोठी हुशारी होती. व्हिज्युअल बेसिकमध्ये खिडक्या आणि बटणं करणाऱ्या लाखो हातांना वेबकडे वळवायचं होतं, पण वेब न शिकवता. बटण ओढून पानावर टाका, डबल क्लिक करा, आत कोड लिहा, झालं. वेबला आठवण राहत नाही, ही मूळ अडचण होती. मग पानावरचं सगळं 'व्ह्यूस्टेट' नावाच्या एका लपवलेल्या रकान्यात कोंबायचं आणि प्रत्येक क्लिकला ते गाठोडं सर्व्हरपर्यंत नेऊन परत आणायचं. तुम्ही जिल्हा निवडता, अख्खं पान जाऊन येतं. तालुका निवडता, पुन्हा जाऊन येतं. गाव निवडायला खाली यावं तर पान उसळून परत वर, आणि मधल्या काळात जिल्हा पुसला गेलेला. ही सगळी वरात २००२ मधल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या एका मुलाने शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईत जोडली असणार. आज त्याला नातवंडं नसली तरी गुडघेदुखी नक्की असेल.

चौकट बदलली नाही, सूचना मात्र काळाबरोबर चालली. आधी ती तळाशी बारीक अक्षरांत होती, शेजारी 'इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये, १०२४ बाय ७६८ वर उत्तम दिसेल' ही दुसरी बहीण. मग कुणा साहेबांना वाटलं की लोक वाचत नाहीत, म्हणून ती सरकू लागली, उजवीकडून डावीकडे, एस.टी. स्टँडवरच्या फलकाच्या वेगाने. तरी लोक वाचेनात. मग शेजारी 'न्यू' असं लुकलुकणारं पिवळं चित्र आलं. ते आजही लुकलुकतंय, सूचना वयात आली तरी. पुढे पॉप-अप झाला. पॉप-अप ब्राउझर अडवू लागले, तेव्हा 'पॉप-अप सुरू करावेत' अशी सूचनेची सूचना निघाली. उजवं क्लिक बंद करण्यात आलं. केलं तर 'राइट क्लिक इज डिसेबल्ड' असा दम मिळतो, जणू आम्ही तालुक्यांची यादी चोरून परदेशात विकणार होतो. आणि आता नव्या रूपात एक चौकोन आहे: 'मी वरील सूचना वाचल्या असून व्यवहारादरम्यान मागे जाणार नाही.' बरोबरची खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गोम अशी की २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोनवर बॅकचं बटणच लागत नाही, कडेवरून बोट सरकलं की झालं बॅक. तेव्हा आता प्रतिज्ञा करून फोन टेबलावर ठेवायचा आणि मधल्या बोटाने, फक्त मधोमध, दाबायचं.

हे सगळं करूनही पैसे कापले जातात आणि पावती येत नाही. मदतकेंद्रातली मुलगी फार गोड बोलते. 'काका, तुम्ही बॅक दाबलं होतंत का?' नाही म्हटलं. 'मग रिफ्रेश झालं असेल.' नाही हो. 'मग जास्त वेळ थांबला असाल.' हा मात्र गुन्हा असतो. या चौकटीत सत्राची मुदत मुळात २० मिनिटं ठरवलेली येते. तेवढ्यात सर्व्हरला काही हालचाल दिसली नाही की तो तुम्हाला विसरतो. संरचनेच्या फाइलमधला तो आकडा बदलणं म्हणजे एका ओळीचं काम. पण आजीच्या आधारवरची जन्मतारीख शोधून, दाखला स्कॅन करून, तो २०० केबीच्या आत बसवेपर्यंत वीस मिनिटं उलटतात. तो एक आकडा मात्र हलत नाही.

का हलत नाही, हे मला माहीत आहे आणि त्याचाच संताप आहे. नव्या रंगाला पैसे असतात, बोधचिन्हाला असतात, मोबाइल ॲपला असतात (ॲप उघडून पाहा, आत तेच जुनं पान चिमटीत धरल्यासारखं बारीक दिसतं), हल्ली चॅटबॉटलाही असतात. देखभालीला नसतात. देखभालीची फीत कापता येत नाही. २०१६ साली याच घराण्यातली नवी चौकट आली, तिने वेब फॉर्म्सला सोबत घेतलं नाही. जुन्या चौकटीला २०१९ मधल्या ४.८ आवृत्तीनंतर २०२२ मध्ये ४.८.१ एवढंच मिळालं. पण विंडोजबरोबर सुरक्षेची डागडुजी येत राहते, म्हणून कागदावर ती 'सपोर्टेड'. झालं, लेखा विभागाला तेवढंच पुरतं: चालतंय ना? मग राहू द्या. आणि जो ते चालवतो तो हिंजवडीतल्या कुठल्याशा चौथ्या मजल्यावर कोपऱ्यात बसलेला असतो. त्याच्या आधीचा माणूस जाताना 'केटी', म्हणजे कामाची माहिती, देऊन गेला. त्या बैठकीचं रेकॉर्डिंग आहे, आवाज नाही. अर्ध्या पोर्टलचा मूळ कोड सापडत नाही, नुसत्या डीएलएल सर्व्हरवर आहेत. वर्षभर काही बंद पडलं नाही तर साहेब त्याला विचारतात, तू नेमकं करतोस काय? पगारवाढ त्याला, ज्याने निळा रंग दिला.

आणि गंमत संपते ती इथे. व्ह्यूस्टेटमध्ये कुणी फेरफार करू नये म्हणून सर्व्हरजवळ एक गुप्त किल्ली असते. ती स्वतः तयार करायची असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी सांगितलं की अशा ३,००० हून अधिक किल्ल्या इंटरनेटवर उघड्या पडल्या आहेत. लोकांनी उदाहरणादाखल छापलेली किल्ली जशीच्या तशी उचलून आपल्या सर्व्हरला लावली होती. ती ज्याच्या हाती लागेल तो व्ह्यूस्टेटमधून हवा तो कोड सर्व्हरवर चालवू शकतो. आमच्या आजीचा आधार, दाखला, खातेक्रमांक ज्या सर्व्हरवर आहे, त्याची किल्ली कुठून आणली, हे कोपऱ्यातल्या त्या माणसाला विचारा. तो मान खाली घालेल, कारण त्याने ती बदलायला तीनदा परवानगी मागितली आहे. किल्ली बदलली की पोर्टल क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतं आणि आत असलेले लोक बाहेर फेकले जातात. त्यासाठी रविवारी रात्री दोन वाजता पाच मिनिटांची परवानगी हवी. ती मिळत नाही, कारण नागरिकांची गैरसोय होईल. सोमवारी सकाळी अकराला पोर्टल आपोआप तासभर झोपतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.