लुगडं ते पोतेरं

नव्वदी ओलांडलेली आजी गेली, की तेराव्याला एखादे थोरले काका घसा खाकरून उभे राहतात आणि म्हणतात, "माईनं जन्मभर आपल्यासाठी चंदनासारखा देह झिजवला." या चंदनानं माईच्या पिढीवर फार अन्याय केलाय. चंदन गप्प राहून झिजतं. माई कधी गप्प बसल्याचं कुणाला आठवत नाही.

पुण्यातल्या पेठांत अशी एक तरी माई प्रत्येक खानदानात होऊन गेली. शिक्षण व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, लग्न सतराव्या वर्षी. माप ओलांडून आत आली ती घर ताब्यात घ्यायलाच. घरात कुणाच्या जन्माची तारीख तिला सांगता यायची नाही, पण हिशेब पक्का. "पानशेत फुटलं तेव्हा थोरला रांगत होता. कोयनेच्या भूकंपाला मधली पाळण्यात. आणि धाकटा वाढला मिलोवर, म्हणून तो असा." १९६१, १९६७ आणि १९७२ ही सालं इतरांनी इतिहासात वाचली; माईच्या घरात ती जेवायला बसत. मिलो म्हणजे दुष्काळात रेशनवर मिळालेली अमेरिकेची लाल ज्वारी. सारे नाक मुरडत होते तेव्हा माईनं कांदा, कोथिंबीर आणि लसूण घालून तिची अशी थालीपिठं लावली, की खुद्द अमेरिकेलाही ती ओळखू आली नसती.

या घरात कुठल्याही वस्तूला एका मरणात सुटका नव्हती. नऊवारी लुगडं विरलं की नातींचे परकर, परकर विटले की गोधडीचा थर, गोधडी फाटली की पोतेरं. पोतेऱ्यावरही धावदोरा असा सरळ, की त्यावर पाय ठेवताना पाहुणा ओशाळायचा. थोरल्याचा स्वेटर उसवायचा, लोकर वाफेवर धरून सरळ करायची आणि धाकट्याचा विणायचा. दुधाच्या पिशव्यांची आसनं व्हायची. आजोबांची एक विजार तर आजोबांच्या हयातीतच पिशवी झाली. ते बिचारे आठवडाभर विजार शोधत होते आणि रोज तिच्यातूनच भाजी आणत होते.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. वाटी-चमच्याची मापं दिल्यामुळे नव्या सुनांना मोठाच आधार झाला. माईच्या सुनेनंही ते माहेराहून आणलं. माईनं ते शिकायला घेतलं नाही, तपासायला घेतलं. समासात पेन्सिलीनं शेरे : "गूळ कमी." "हे कशाला?" "आमच्यात असं करत नाहीत." एका पानावर मात्र नुसतंच "बरोबर." ते पान सुनेनं पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना दाखवलं.

"माई, मीठ किती घालू?"

"लागेल तेवढं."

"पण लागेल किती?"

"घातलंस की कळेल."

तिचा खरा दरबार भरायचा संक्रांतीच्या आधी. पहाटेच्या थंडीत मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, आणि त्यावर चमचा-चमचा साखरेचा पाक. बोटांनी सतत हलवत राहायचं. बोटं पोळतात, पण त्याशिवाय हलव्यावर काटा फुटत नाही. मग त्याचे दागिने : नव्या सुनेला हार आणि बांगड्या, बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट. मुकुट डोक्यावर ठरेपर्यंत बाळानं तो अर्धा चाटलेला असायचा. एखादी मुलगी कळवळून म्हणाली, "माई, दमलीस गं, आण मी हलवते," की माई परात स्वतःकडे ओढून घेई. "काटा मोडेल. तू चहा टाक."

थोरल्या काकांच्या भाषणातून निसटतं ते हेच. कष्ट होते, भरपूर होते. रोजचं धुणं आणि भांडी यांत कसली आलीय कला? तो भार कुणी उचलायला आलं असतं तर माईनं आनंदानं दिला असता, पण तेव्हा कुणी आलं नाही. परात मात्र तिनं कुणाला दिली नाही. तिथं ती कुणासाठी झिजत नव्हती. स्वतःच्या हौसेनं रमली होती. आम्ही मंडळी म्हणजे तिचा कच्चा माल, आणि फार तर प्रेक्षक.

सहस्रचंद्रदर्शनाला तिनं गुरुजींचा मंत्र दुरुस्त केला होता. जाताना वारसांनाही केलं. तेराव्याला माळ्यावरची भांडी काढली तेव्हा प्रत्येकाच्या बुडाला चिठ्ठी चिकटवलेली निघाली. पुरणयंत्र मधलीला : "हिला धीर आहे." हलव्याची परात धाकट्या नातसुनेला : "बोटं पोळली तरी ही ओरडत नाही." भांडण करायला कुणाला जागाच ठेवली नव्हती.

आणि चंदनवाल्या थोरल्या काकांना चहाचं गाळणं. चिठ्ठीवर लिहिलं होतं : "भाषणाआधी वापरावे."