तोलकाका

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक सोसायटीत एक तरी तोलकाका असतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी मुंबईत, मत प्रत्येक विषयावर आणि प्रत्येक मताच्या शेवटी "पण दोन्ही बाजू बघायला हव्यात." पावसाळ्यात तो छत्रीही घेतो आणि रेनकोटही. मिसळ तिखट सांगतो आणि वर दही मागवतो. लग्नाला जातो तेव्हा खुर्ची अशी धरतो, की अक्षता स्टेजपर्यंत पोचाव्यात आणि पंगतीचं दारही नजरेत राहावं.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीतले तोलकाका हा या जातीचा अस्सल नमुना. फक्त त्यांच्या तत्त्वज्ञानाला स्वतःची प्रयोगशाळा आहे. ती म्हणजे व्हिडिओ गेममधली हॉकी. धनराज पिल्लेची नव्हे, बर्फावरची. ज्या गावात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर नाहीतर मासळीबाजारात, तिथल्या माणसाला हा नाद लागावा कसा? तर नव्वदच्या दशकात, मे महिन्याच्या सुट्टीत, तासाच्या भाड्यावर व्हिडिओ गेम खेळायला मिळायचा. मारिओ आणि कॉन्ट्राच्या कॅसेटी मोठ्या मुलांनी बळकावलेल्या असत. काकांनी भांडण टाळलं आणि उरलेली कॅसेट घेतली. ती निन्टेन्डोच्या 1988 सालच्या 'आइस हॉकी'ची निघाली. आता लेकीने शेकडो जुने गेम भरलेला एक छोटा डबा आणून टीव्हीला जोडला, त्यात काकांना तो पुन्हा सापडला आणि वहिनींच्या मालिका गेल्या.

गेममध्ये सहा देश आहेत. त्यांतले सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकिया नकाशावरून कधीच पुसले गेले, पण काकांच्या हॉलमध्ये अजून खेळतात. प्रत्येक संघात गोलकीपर सोडून चार खेळाडू आणि ते तीन अंगकाठ्यांमधून आपण निवडायचे. बारीक खेळाडू वाऱ्यासारखा पळतो, पण धक्का लागला की आडवा. जाडा हलता हलत नाही, पण त्याचा फटका जबरदस्त. मधला सगळ्यात मधला.

इथे काकांच्या बुद्धीला धुमारे फुटतात. तीन प्रकारांतून चार खेळाडू निवडायचे तर एकूण 15 प्रकारचे संघ होतात. या पंधरांची काकांकडे वही आहे. प्रत्येक पानावर दोन रकाने, 'चढाई' आणि 'पकड', कारण काका मूळचे कबड्डीचे प्रेक्षक. दोन जाडे, एक मधला, एक बारीक घेतला तर पकड भक्कम पण चढाई लंगडी. उलट केलं तर चढाई उत्तम, पण मागे कोण? समोरचा रिमोट धरून ताटकळलेला असतो. वहिनी आतून विचारतात, "अहो, सुरू झालं का?"

"अगं, संघ ठरतोय."

"कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या!"

शेवटी संघ ठरतो, खेळ सुरू होतो आणि मग कळतं की तो कोणताही असता तरी काही बिघडलं नसतं. कारण काकांचे चारही खेळाडू मध्यरेषेच्या पलीकडे जातच नाहीत. चकती हाती आली की काका ती आपल्याच अर्ध्यात इकडून तिकडे फिरवतात. "आधी घर सांभाळायचं," ते सांगतात. "दोन चढाया रिकाम्या गेल्या तरी चालतात."

"बाबा, तिसरी डू ऑर डाय असते," लेक म्हणते.

"ती प्रो कबड्डीत!"

काकांना पुराव्याची वानवा नाही. त्यांचं दैवत म्हणजे न्यू जर्सी डेव्हिल्स. अमेरिकेतल्या या आइस हॉकी संघाने 1995 साली मधल्या पट्ट्यात माणसं पेरून समोरच्याची वाटच बंद करून टाकली आणि डेट्रॉइटसारख्या तगड्या संघाला सलग चार सामन्यांत हरवून स्टॅनली कप उचलला. हा इतिहास काका लोकलमध्ये रोज कुणाला ना कुणाला ऐकवतात. पूर्वी जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की ऐकणाऱ्यांच्या कानांना जरा विश्रांती मिळायची. 2022 मध्ये नवे मार्ग सुरू झाले, जलद लोकल बोगद्याबाहेरून जाऊ लागल्या आणि तेवढाही आसरा गेला. एकदा लेकीने मोबाइलवर शोधून सांगितलं, "बाबा, त्या चार सामन्यांत तुमच्या डेव्हिल्सनी 16 गोल केले होते." काकांनी ती माहिती वहीत उतरवून घेतली. 'पकड'च्या रकान्यात.

खरं सांगायचं तर काकांचा दोष नाही, त्यांना घडवलं मध्य रेल्वेने. सीएसएमटी डोंबिवलीपासून सुमारे 48 किलोमीटर. तिथे जाण्यासाठी काका रोज सकाळी आधी उलट्या दिशेने, कल्याणला जाणाऱ्या गाडीत बसतात. कल्याणला गाडी रिकामी होते, काका खिडकी धरतात आणि त्याच गाडीने, त्याच डोंबिवलीवरून, बसून मुंबईला जातात. बारमाही पुढे जायला आधी मागे जावं लागलं, की माणसाचा मागे जाण्यावरच विश्वास बसतो. डोंबिवलीच्या फलाटावर उभ्या असलेल्या गर्दीकडे खिडकीतून बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते त्यांनी कधी गोल केल्यावर दिसलेलं नाही. अर्थात तशी वेळ फारशी आलेलीही नाही. ठाण्याला दारात उसळणारी झुंबड पाहून ते मान हलवतात. "यांना 1853 सालीच गाडी मिळाली, देशात पहिली. त्यामुळे बचाव शिकायची गरजच पडली नाही. नुसती चढाई!"

गेल्या गणेशोत्सवात सोसायटीने कॅरम आणि बुद्धिबळाच्या जोडीला व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवली आणि खेळ म्हणून काकांचाच गेम निवडला. काका आठवडाभर वही घेऊन फिरत होते. पहिल्याच फेरीत त्यांच्यासमोर आली तिसऱ्या मजल्यावरची चौथीतली मुलगी. तिने चारही बारीक खेळाडू घेतले. काकांना भरून आलं. "बाळ, एखादा जाडा घे मागे," ते म्हणाले. "असं उघड्यावर नाही खेळायचं."

"नको काका, उशीर होतो."

सामना सुरू झाला. मुलगी चकती घेऊन थेट वरच्या कडेला पळाली. काकांचा जाडा पकड करायला वर धावला. तिने चकती खाली दिली आणि खालच्या कोपऱ्यात गोल. पुढच्या वेळी ती खालून आली, काका खाली धावले आणि गोल वरच्या कोपऱ्यात. हेच पुनःपुन्हा. काका जितक्या जिवाच्या आकांताने बचाव करत तितका गोल मोकळा पडे. मध्यंतरापर्यंत प्रेक्षकांतले आजोबासुद्धा काकांना "अहो, थोडं स्वस्थ बसा!" असं ओरडून सांगू लागले. शेवटी 6-0.

काकांनी घाम पुसला. "संघ चुकला. सातव्या पानावरचा घ्यायला हवा होता."

"नाही काका," मुलगी म्हणाली. "तुम्ही ते अधिक चिन्हाचं बटण वर दाबलं ना, की तुमचा माणूस वर जातो आणि गोलकीपर पण वर जातो. दोघं एकाच बटणावर आहेत. तुम्ही सारखं वाचवायला पळता, म्हणून गोलकीपर जागेवर राहतच नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. काका मात्र हसले नाहीत. नव्वदच्या दशकापासून हा माणूस हा गेम खेळतोय, एका गोलासाठी चारही माणसं मागे ठेवतोय, आणि गोलकीपरला जागेवरून हलवत होता तो त्यांचाच अंगठा. वही मिटताना ते फक्त "हं" म्हणाले.

आणखी गंमत पुढच्या फेरीत झाली. तिथे मुलीसमोर बी विंगमधला सातवीतला मुलगा आला, त्यानेही चार बारीक घेतले. ती 6-2 अशी पुढे होती आणि हरली 6-7. चढाई थांबवणं तिला जमलंच नाही. आरतीनंतर ती हातात मोदक घेऊन काकांच्या दारात उभी.

"काका, आपण पुढे असलो ना, की मग काय करायचं? कसं वाचवायचं?"

या प्रश्नासाठी काका पंचवीस-तीस वर्षं थांबले होते. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली आणि पानं उलटू लागले. बरोबरी असेल तर काय करायचं ते होतं. एका गोलाने मागे असू तर काय, चार गोलांनी मागे असू तर काय, तेही होतं. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे चाळून झालं. वहिनी दारातून बघत होत्या.

"अहो, सांगा की तिला."

काकांनी वही मिटली. "सांगितलं असतं गं," ते म्हणाले, "पण पुढे असलो की काय होतं, ते आधी हिलाच विचारायला हवं."