दक्षिणमुखी काका

अमेरिकेत घरदार विकून आर.व्ही.त, म्हणजे चाकांवरच्या घरात, कायमचा संसार थाटणारे निवृत्त लोक पुष्कळ. त्यातला एक नमुना कुठल्याही कॅम्पग्राउंडवर लांबून ओळखू येतो. गाडी लागली की बाकीचे आधी पाण्याची नळी जोडतात, विजेची वायर लावतात, कुत्र्याला फिरवून आणतात. हा मात्र कमरेवर हात ठेवून, दक्षिणेकडे तोंड करून आकाशात बघत उभा. आम्ही फिनिक्सची मराठी मंडळी त्याला 'दक्षिणमुखी काका' म्हणतो. मारुतीनं राग मानू नये.

दक्षिणेचं कारण शास्त्रीय आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर ठाण मांडून असतात. अमेरिकेतून ते दक्षिणेलाच सापडणार. मध्ये झाड आलं की खेळ खलास. त्यामुळे उरलेलं आयुष्य निसर्गाच्या कुशीत काढायला निघालेला हा गृहस्थ झाडांचा हाडवैरी होऊन बसतो. कॅलिफोर्नियातले तीनतीनशे फुटी रेडवुड बघायला जग लोटतं. काका मान वर करून एकदा बघतात आणि म्हणतात, "एकशेएकोणीस गेला." म्हणजे ११९ अंश पश्चिमेचा उपग्रह. ११०, ११९ आणि १२९ ही काकांची जिवाभावाची माणसं. नातवंडांचे वाढदिवस मात्र काकूंना विचारावे लागतात.

हिवाळ्यात अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात काका सुखी असतात. तिथे ११९ चांगला पन्नास अंश वर असतो, आणि आडवा आलाच तर एखादा निवडुंग. उन्हाळ्यात काकूंना मेन राज्यातला समुद्र बघायचा असतो. तिथे तोच उपग्रह जेमतेम वीस अंशांवर, ऐन पाइनच्या शेंड्यांत. मेनमध्ये बघण्यासारखं काही नाही, हे काकांचं ठाम मत तिथूनच आलेलं.

डिश कुठली घ्यावी हा त्यांचा खरा उद्योग. टीव्ही बघणं हे निमित्त. छपरावरचा डोम, म्हणजे घुमटाखाली झाकलेली डिश, घेतला तर बटण दाबलं की तो आपला आपण उपग्रह शोधतो. पण छप्पर झाडाखाली असेल तर शोधतच बसतो. मग जमिनीवर ठेवायचा डोम घ्यावा, तर तो रात्री चोरीला जाण्याची धास्ती. डायरेक्टीव्ही कंपनीचं एचडी हवं तर ते ९९ आणि १०३ वरून येतं आणि डोमला पेलत नाही. त्याला तिकाटण्यावरची मोठी उघडी डिश लागते. सकाळी काकांचा निर्णय झालेला असतो. दुपारी शेजारच्या गाडीवर वेगळा डोम दिसतो आणि सगळं पहिल्यापासून.

तिकाटणं लावतानाचा सोहळा मी जवळून पाहिलाय. वाऱ्यानं उडू नये म्हणून खाली पाण्याचा कॅन टांगलेला, एका हातात होकायंत्र, दुसऱ्या हातात पाना, आणि आत काकू टीव्हीसमोर.

"आला का?"

"आला... गेला!"

ऐंशीच्या दशकात आपल्याकडे गच्चीवर अँटेना फिरवताना अगदी हेच संवाद चालायचे; फक्त आपण रविवारच्या सिनेमासाठी जिवावर उदार व्हायचो, काका हवामानाच्या अंदाजासाठी. हवामान बाहेर असतं, हे त्यांना कोण सांगणार?

डोमवाल्या काकांची तऱ्हा निराळी. पावसाचं पाणी डोमवर साचलं की सिग्नल मरतो, म्हणून ते दर आठवड्याला त्याला मोटारीचं मेण चोळतात. अभ्यंगस्नानाइतक्या मायेनं. शिवाय असला छोटा डोम एका वेळी एकाच उपग्रहाकडे बघू शकतो. काकांचं फुटबॉल एकावर, काकूंचा स्वयंपाकाचा कार्यक्रम दुसऱ्यावर. ऐन गोलाच्या वेळी छपरावर घर्र आवाज होतो, आणि पडद्यावर कांदा परतला जात असतो.

लोकल बातम्यांची भानगड आणखी न्यारी. त्या ठरावीक टापूपुरत्याच पाठवल्या जातात. टापू ओलांडला की गायब. मुक्काम बदलला की कंपनीला फोन करून नवा पत्ता द्यायचा. काकांचा कागदोपत्री पत्ता साउथ डकोटातला, कारण तिथे राज्याचा आयकर नाही. गाडी उभी न्यू मेक्सिकोत. फोनवरची मुलगी विचारते, "सर, तुम्ही राहता कुठे?" आणि काका अर्धं मिनिट खरोखरच विचारात पडतात.

या सगळ्या काळात काकू छपरावरची साधी अँटेना हँडल फिरवून वर करतात आणि जवळच्या गावातली चॅनल फुकटात बघतात. काकांच्या लेखी ते टीव्ही बघणं नव्हेच.

२०२२ मध्ये आर.व्ही.साठी स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट, आलं. आता इंटरनेटवर सगळंच दिसतं, सुटलो, असं काकूंना वाटलं. काकांनी ते घेतलं, आणि जुनी डिशही ठेवली, न जाणो! पण स्टारलिंकची थाळी अमेरिकेत बहुतेक उत्तरेकडे कलते. त्यामुळे आता काकांना दोन्ही दिशांची झाडं नडतात.

परवा कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात ते विचारत होते, दक्षिण आणि उत्तर दोन्ही मोकळ्या असलेली जागा आहे का? खिडकीतल्या बाईनं नकाशा बघितला. "एकच आहे," ती म्हणाली, "पण ती डंप स्टेशनला लागून आहे." म्हणजे जिथे येणारी-जाणारी प्रत्येक गाडी आपली मैल्याची टाकी रिकामी करते, तिथे. काकांनी तिथल्या तिथे महिनाभराचे पैसे भरले.