राज्यप्राण्याचा मान

भीमाशंकर म्हणजे रानातले मूठभर घरांचे गाव आणि एक ज्योतिर्लिंग. इथले जंगल १९८५ साली अभयारण्य झाले, ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू राज्यप्राणी असल्याने मान मोठा आणि जागा कमी, हे ओघानेच आले. श्रावणी सोमवारी भाविक हॉर्न वाजवत येतात आणि ‘काय शांतता आहे!’ म्हणतात. देवळापुढची पोर्तुगीज घंटा चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर वाहिली, असे सांगतात. त्यांना एका घंटेसाठी लढाई करावी लागली. आम्ही भोंगे सहज आणतो. बेल शंकराला, प्लास्टिक रानाला, ही वाटणी ठरलेलीच. भीमा इथेच उगम पावते आणि पंढरपुरात चंद्रभागा होते. तेव्हा भक्तहो, एकाच बाटलीत दोन देवांना नैवेद्य दाखवू नका. कचरा घरी न्या.